मांडीवरचा सेन्सर ओव्हरट्रेनिंग सांगू शकतो का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी १७ वर्षांची, बारावीत, ८०० मीटर पळते, पाच वर्षं पुण्यात सणस मैदानावर प्रॅक्टिस. जूनमध्ये टायमिंग २ मिनिटं १८ सेकंद होतं, आता सप्टेंबरात २ मिनिटं २४. ‘पाय उचलतच नाहीत’ म्हणते, घरी चिडचिड करते. इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने स्वस्तातला ईएमजी सेन्सर, म्हणजे स्नायूतली वीज कातडीवरून टिपणारं यंत्र, आणून तिच्या मांडीला लावला. प्रॅक्टिसच्या आधी मिडियन फ्रिक्वेन्सी (सिग्नलची निम्मी ताकद जिच्या खाली आणि निम्मी वर असते ती) ७५ हर्ट्झ आली, नंतर ६२. तिचे कोच सर म्हणतात, हिचं मन लागत नाही, मेहनत वाढवायला हवी. आणि तुम्ही विचारताय, ७५ वरून ६२ हा ओव्हरट्रेनिंगचा पुरावा धरायचा का, आणि धोक्याची रेषा किती हर्ट्झवर आखायची?

पुरावा धरता येणार नाही, आणि अशी रेषा कुठल्याही हर्ट्झवर आखता येत नाही. चांगली झोप झालेल्या, पोटभर जेवलेल्या, ऐन फॉर्मात असलेल्या खेळाडूची मिडियन फ्रिक्वेन्सीसुद्धा जोरदार प्रॅक्टिसनंतर खाली येते. तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. पण म्हणून मुलीची तक्रार खोटी ठरते असंही नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. ती दोन महिने सांगते आहे की पाय चालत नाहीत, आणि ते कुणाला पटत नाही. सरांपुढे ठेवायला तुम्हाला एक आकडा हवा आहे. मी पुण्यात १८ वर्षं खेळाडूंची फिजिओथेरपी करते, त्यातली ११ वर्षं ईएमजी हाताशी आहे, आणि असा आकडा शोधत आलेले पालक मी खूप पाहिलेत. आकडा मिळतो, पण तो बहुतेक वेळा दुसऱ्या जागी असतो.

आधी ईएमजीला काय दिसतं ते बघू. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत विजेच्या रूपात येतो आणि स्नायूतंतूच्या आवरणावरून साधारण सेकंदाला चार मीटर वेगाने धावतो. कातडीवरच्या इलेक्ट्रोडला अशा असंख्य लाटांची एकत्र कुजबुज ऐकू येते. स्नायू जोर लावून धरून ठेवला की तंतूंच्या आतबाहेर पोटॅशियम आणि आम्ल साचू लागतं, लाटेचा वेग मंदावतो, लाट पसरट होते आणि सगळा आवाज खर्जाकडे सरकतो. मिडियन फ्रिक्वेन्सी खाली येते ती अशी. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान्स पायपर यांनी हे मंदावणं १९१२ मध्येच टिपलं होतं. त्याच वेळी सिग्नलची उंची बहुधा वाढते, कारण थकलेल्या तंतूंच्या मदतीला मेंदू आणखी तंतू कामाला लावतो.

आता यातली मेख. खेळाडूने दम खाल्ला, रक्ताने साचलेलं वाहून नेलं, की ही फ्रिक्वेन्सी थोड्याच मिनिटांत पुष्कळशी जागेवर येते. म्हणजे ईएमजीला दिसणारा हा थकवा मिनिटांचा आहे. तुमच्या मुलीचा थकवा दोन महिन्यांचा आहे.

शिवाय दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकणारा जो थकवा असतो, जिना उतरताना पाय लटपटतात तो, त्यातला मोठा भाग विजेच्या पुढच्या टप्प्यावर असतो. वीज नीट पोचते, पण तंतूच्या आत कॅल्शियम सुटण्याचं काम मंद पडतं आणि तेवढ्याच हुकुमाला कमी जोर निघतो. संशोधक एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हे विजेचे झटके देऊन दाखवलं. कमी वारंवारतेच्या झटक्यांना मिळणारा जोर व्यायामानंतर बराच काळ घटलेला राहतो. त्याला लो-फ्रिक्वेन्सी फटीग म्हणतात. या नावामुळे विद्यार्थी हमखास गोंधळतात, तुमचा पुतण्याही गोंधळेल. इथली फ्रिक्वेन्सी बाहेरून दिलेल्या झटक्यांची आहे, ईएमजीच्या मिडियन फ्रिक्वेन्सीशी तिचा संबंध नाही. हा थकवा नुसत्या ईएमजीत दिसेलच असं नाही. तो पकडायचा तर सोबत जोर मोजावा लागतो. त्याकडे पुढे येते.

त्याआधी तुमच्या ७५ आणि ६२ बद्दल, कारण मला ते आकडेच संशयास्पद वाटतात. पुतण्याला दोन गोष्टी तपासायला सांगा.

पहिली, सेन्सरचा बोर्ड कच्चा सिग्नल देतो की गाळलेला? हौशी कामासाठी मिळणारे बरेच सेन्सर सिग्नलची खालची बाजू वर उलटवून, सपाट करून देतात. रोबोटचा हात हलवायला तेवढं पुरतं. मूठ आवळल्यावर आलेख मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना थरथरत असेल तर सिग्नल कच्चा. एकाच बाजूला टेकडीसारखा उंचवटा येत असेल तर त्यातून फ्रिक्वेन्सी काढण्यात अर्थ नाही, ती माहिती बोर्डानेच पुसलेली असते.

दुसरी, सेकंदाला किती नोंदी होतात? मांडीच्या ईएमजीतली कामाची माहिती साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असते, म्हणून सेकंदाला निदान १००० नोंदी लागतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्क्रीनच्या कोपऱ्यात ९६०० बॉड दिसतंय, हा बोर्डाकडून लॅपटॉपकडे माहिती जाण्याचा वेग. त्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरं जातात. ‘५१२’ सारखा तीन आकडी नंबर आणि ओळ बदलण्याच्या दोन खुणा मिळून पाच अक्षरं, म्हणजे सेकंदाला जेमतेम १९२ नोंदी. मग ९६ हर्ट्झच्या वरचं सगळं खाली दुमडून येतं आणि खोट्या फ्रिक्वेन्सीचा वेष घेऊन बसतं. तुमचे ७५ आणि ६२ यातलं खरं किती आणि दुमडलेलं किती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वेग १,१५,२०० बॉड करा आणि नोंदी टायमरवर ठरावीक अंतराने घ्या.

आणि एक गोष्ट आजपासूनच पाळा. इलेक्ट्रोड अंगावर असताना लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढलेला हवा. याने ५० हर्ट्झची घरगुती विजेची गुणगुण कमी होते हा फायदा दुय्यम. मुलीच्या अंगाला लावलेल्या तारा मेन्सच्या विजेशी जोडलेल्या नसाव्यात, हे मुख्य.

समजा यंत्र सुधारलं. तरी मोजायची परिस्थिती राहतेच, आणि तिथे मी स्वतः चुकले आहे. काही वर्षांपूर्वी लांब पल्ल्याच्या एका मुलाला मी ऑक्टोबरपासून दर आठवड्याला मोजत होते. डिसेंबरात सकाळी साडेसहाला, बाहेर ११ अंश असताना, उघड्या हॉलमध्ये मोजलं तर फ्रिक्वेन्सी एकदम खाली. मी त्याच्या सरांना सांगितलं, भार कमी करा. त्यांनी ऐकलं. आठ दिवसांनी योगायोगाने तो अकराच्या उन्हात वॉर्म-अप करून आला आणि आकडा ऑक्टोबरच्या जागी परत. स्नायू थंड असला तर लाटेचा वेग आपोआप घटतो. त्या मुलाला थकवा नव्हताच, त्याची मांडी गार होती. स्पर्धेच्या तोंडावर त्याचा एक महत्त्वाचा आठवडा माझ्यामुळे हलका गेला, आणि मला ते आजही लागतं. तेव्हापासून मी खोलीचं तापमान लिहिल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

घाम, केस, इलेक्ट्रोडची जागा यांनीही आकडे हलतात. धावताना मोजलं तर आणखी, कारण कातडीखाली स्नायू सरकतो आणि इलेक्ट्रोड दर पावलाला वेगळ्याच भागावर येतो. म्हणून ट्रॅकवरचे आकडे सोडून द्या आणि एकच चाचणी, बसून, न हलता करा.

मी ती अशी करून घेते. मुलीला भक्कम टेबलावर बसवा, पाय लोंबकळते, गुडघा काटकोनात, कमरेला पट्टा. घोट्याला रुंद पट्टा बांधून त्याची दोरी टेबलाच्या मागच्या पायाला बांधा आणि मध्ये रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा डिजिटल काटा अडकवा, १०० किलोपर्यंत मोजणारा. इलेक्ट्रोड मांडीच्या बाहेरच्या स्नायूवर, म्हणजे व्हास्टस लॅटरॅलिसवर. कमरेच्या हाडाचं पुढे टोचणारं टोक आणि गुडघ्याच्या वाटीची बाहेरची कड यांच्यामधल्या रेषेवर वरून दोन तृतीयांश अंतरावर. दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांमध्ये २ सेंटिमीटर. हे युरोपातल्या सेनियाम प्रकल्पाने १९९० च्या दशकात ठरवलेले नियम आहेत आणि मी त्यांना धरूनच चालते. कातडी स्पिरिटने पुसून कोरडी करा. जागेवर साध्या मेंदीचा ठिपका द्या. पेनाची खूण आंघोळीत जाते, मेंदी आठवडाभर दिसते आणि मुली त्याला नाक मुरडत नाहीत. काळी झटपट मेंदी मात्र नको, तिने कातडी भाजू शकते.

दहा मिनिटं ठरलेला वॉर्म-अप. मग पूर्ण जोराने गुडघा सरळ करायचा प्रयत्न, चार सेकंद, तीन वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहा. समजा ४० किलो आला. मग २० किलोवर काटा स्थिर ठेवून ३० सेकंद धरायचं. पुढच्या प्रत्येक वेळी हेच २० किलो, त्या दिवशीच्या जोराच्या निम्मे नव्हेत. मी त्यातून तीन गोष्टी बघते: जास्तीत जास्त जोर, २० किलोला सिग्नलची सरासरी उंची, आणि ३० सेकंदांत फ्रिक्वेन्सी किती वेगाने घसरते. २० किलो तेच असताना उंची वाढली आणि एकूण जोर घटला, तर तेवढंच काम करायला स्नायूला जास्त हुकूम लागतोय. वर म्हटलेला लपलेला थकवा इथे डोकावतो. पण एका दिवसाच्या फरकावर मी कधीच बोलत नाही. नेहमीच्या चढउताराबाहेरचा फरक लागोपाठ दोनदा आला तरच.

इथे तुमची खरी अडचण येते. ‘नेहमीचा’ चढउतार ठरवायला ताजी असतानाचे निदान सहा आकडे हवेत, आणि तुमच्याकडे जूनचं काहीच नाही. आज मोजाल तो आधीच दमलेल्या पायाचा आकडा असेल. दुसऱ्या मुलीच्या आकड्याशी तुलना करता येत नाही, कारण कातडीखालच्या चरबीच्या थरानेही सिग्नल बदलतो. म्हणून ईएमजी वापरायचाच असेल तर उलट्या बाजूने वापरा. आता एकदा मोजा, विश्रांतीनंतर मोजा, आणि पाय परत येतोय का ते त्यावर बघा. माझ्या अनुभवात या कामाला तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

आता ओव्हरट्रेनिंग या शब्दाकडे. युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांचं २०१३ चं एकत्रित निवेदन आम्ही सगळे प्रमाण मानतो. त्यात तीन पायऱ्या आहेत. जोराच्या कॅम्पनंतर कामगिरी घसरते आणि थोड्या दिवसांच्या विश्रांतीने आधीपेक्षा वर येते, ती पहिली, आणि ती हवीच असते. सावरायला आठवडे ते महिने लागले तर दुसरी. महिनोन् महिने लागले आणि झोप, मूड, भूक, हार्मोन सगळंच बिघडलं तर तिसरी, तिलाच ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम म्हणायचं. नीट पाहिलंत तर ही वर्गवारी सावरायला किती वेळ लागला यावर आहे. म्हणजे आज, या क्षणी, तुमची मुलगी कुठल्या पायरीवर आहे हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. विश्रांती देऊन बघावं लागतं. आणि दुसरी अट, बाकीची सगळी कारणं आधी बाद करायची.

त्या बाकीच्या कारणांमुळेच मी हे सविस्तर लिहायला बसले. तुमच्या प्रश्नात मध्येच एक ओळ आहे: ‘जुलैत चार दिवस ताप होता, पण गोळ्यांनी गेला, पाचव्या दिवशी मैदानावर.’ माझी नजर सेन्सरपेक्षा त्या ओळीवर अडकली. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्या दोन्ही असतात, आणि अशा तापानंतरचा अशक्तपणा कित्येक आठवडे राहू शकतो. तेव्हा रक्त तपासलं होतं का? नसेल तर आता फिजिशियनला दाखवा, हृदयाचंही बघायला सांगा. तापातून उठून लगेच जोराची प्रॅक्टिस केलेल्या मुलांच्या बाबतीत मी हे टाळू देत नाही.

रक्तात सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडसाठी). हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया, पण १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, आणि धावणाऱ्या मुलींमध्ये मला ते वारंवार दिसतं. माझ्याकडे कबड्डीची एक रेडर आली होती, अगदी तुमच्या मुलीसारखी तक्रार घेऊन. तिचा ईएमजी तीन आठवडे मोजला, काही सापडेना. फेरिटिन निघालं अवघं ८. ते तीन आठवडे वाचले असते. मात्र तपासणीआधी आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

आईने मुलीला पाळीबद्दल विचारावं. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नसेल तर पळणाऱ्या मुलींचं असं होतंच म्हणून सोडून देऊ नका. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते. ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं आहे, आणि तिच्यात हाडंही झिजतात. तुम्ही दिवसक्रम दिलाय तो बघा: पहाटे साडेपाचला चहा-बिस्किट, प्रॅक्टिस, नऊला पोहे, कॉलेज, संध्याकाळी परत मैदान, मग क्लास, साडेदहाला जेवण, साडेबाराला झोप. पाच तास झोप आणि पोह्यांवर दोन वेळची प्रॅक्टिस. यात सर किंवा तुम्ही मुद्दाम काही केलंय असं नाही, बारावी आणि ट्रॅक एकत्र आले की घरोघरी हेच वेळापत्रक होतं. पण शरीर बारावी आणि प्रॅक्टिसचे हिशेब वेगळे ठेवत नाही.

आता सरांपुढे काय ठेवायचं. शंभर पानी वही घ्या. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजायची. झोप किती तास. पाय कसे आहेत, मूड कसा आहे, याला एक ते पाच गुण. प्रॅक्टिस संपल्यावर अर्ध्या तासाने एकच प्रश्न: आजची प्रॅक्टिस शून्य ते दहामध्ये किती जड गेली? तो आकडा गुणिले मिनिटं. ६० मिनिटं आणि ७ गुण म्हणजे ४२०. अमेरिकेतले कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत, जगभर वापरतात. मुलीने स्वतः लिहायचं, तुम्ही विचारून लिहायचं नाही. ‘सर ओरडतील’ या भीतीने मुलं ७ चे ४ करतात, म्हणून वही पहिले १५ दिवस कुणाला दाखवायची नाही असं तिला कबूल करा, आणि ते पाळा.

वहीवर माझा इतका विश्वास का? ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २०१६ साली एक मोठा आढावा आला, त्यात खेळाडूने स्वतः सांगितलेल्या अशा नोंदी भारातले बदल रक्त आणि नाडीसारख्या मोजमापांपेक्षा जास्त चांगल्या टिपतात असं दिसलं. आणि सरांना ती भाषा कळते. हर्ट्झ दाखवलेत तर ते म्हणतील, हे काय आणलंत? पण तीच १० बाय ४०० ची, म्हणजे ४०० मीटर दहा वेळा पळायची प्रॅक्टिस, तेच टायमिंग, आधी ६ गुणांची आणि आता ९ ची वाटतेय, हे मैदानावर आयुष्य काढलेल्या माणसाला एका नजरेत समजतं. गुणाकारांची रांगही बघा. सहाही दिवस ४०० च्या आसपास असतील तर शरीराला सोपा दिवसच मिळत नाहीये. तुम्ही लिहिलंय, ‘रविवारी सुट्टी, फक्त तळजाई टेकडी.’ टेकडीवर पळते की चालते? पळत असेल तर तिला आठवड्यात एकही सुट्टी नाही.

सरांशी बोलताना ‘तुमच्यामुळे’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘जुलैच्या तापानंतर ती सावरलेली दिसत नाही, डॉक्टरांना दाखवतोय, दोन आठवडे हलकं ठेवू या का?’ असं विचारा. माझ्या अनुभवात दहातले आठ सर याला हो म्हणतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली तर पहिले पाच दिवस पळणं बंद, फक्त चालणं आणि झोप. मग दिवसाआड अर्धा तास, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, कपाटात. दोन आठवड्यांनी टेबलावरची चाचणी आणि वही शेजारी ठेवून बघा. जोर वाढला, २० किलोला सिग्नलची उंची कमी झाली आणि पायांचे गुण दोनवरून चारवर गेले, तर हळूहळू भार वाढवा. काहीच हललं नाही तर परत डॉक्टरांकडे, आणि भार वाढवायचा नाही. यात छातीत दुखणं, पळताना डोळ्यांपुढे अंधारी, किंवा चहासारखी काळपट लघवी यातलं काहीही झालं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

रक्ताचे रिपोर्ट आले की फेरिटिनचा आकडा आणि वहीची पहिली दोन पानं पाठवा. पुतण्याला म्हणावं, नवीन वेगाने घेतलेली कच्ची फाइलही जोड. त्याने मेहनत घेतली आहे, ती मी नक्की बघेन.